तिच्या डोळ्यांतलं पिवळं

बायको गेल्यावर वर्षभर मी संध्याकाळच्या प्रार्थनेला बसलो नाही. राग खरं तर स्वतःचाच होता, पण तो देवाच्या माथी मारणं सोपं पडलं.

ती असतानाच माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या. मी त्यांनाच शिकवलं, की पिकल्याशिवाय तो काढत नसतात. आता तसं थांबावं लागत नाही, हे त्यांनी समजावलं. पण बार्शीटाकळीत सगळा जन्म शेतात गेलेला, पिकणं मला कळतं असा माझा तोरा. त्याच दिवसांत एका सकाळी चहा देताना ती म्हणाली, "माह्या डोयात पिवळं दिसते काय हो?" मी तिला दारात उजेडाला नेलं, निरखून पाहिलं. म्हटलं, "काई नाई वं. उगाच घोर नको करू." माझ्या शब्दावर ती निर्धास्त झाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी कावीळ ओळखली, तोवर आतला आजार हाताबाहेर गेला होता. तिचा तो प्रश्न मी मुलीलाही कधी सांगितला नाही.

शेवटी मुलीनेच हट्टाने मला अमरावतीला नेऊन उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि मी विचारलं, भिंतीला चुना कधी दिला? शेजारच्या खाटेवरचे चाचा हसले. ते रफूचं काम करत.

"भिंत तशीच हाय भाऊ. मोतीबिंदूत सारंच पिवळट दिसते, मंग खरं पिवळं वळखू कसं येईन? मी सफेद कुर्त्याले पिवळा धागा लावला. गिऱ्हाईक म्हणे, चाचा, फसवता. खुदाकसम, मी खोटं नाई बोललो. मले तो सफेदच दिसला."

ते त्यांच्या धाग्याबद्दल बोलत होते. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. जे वाक्य मागायची माझी हिंमत नव्हती, ते न मागता आलं होतं. कुणी पाठवलं, यावर मी वाद घालणार नाही.

त्या वाक्याने माझा दोष फिटला नाही. वेळेवर डोळे करून घेतले असते, तर कदाचित ती आज असती. हे ओझं मला एकट्याला पेलत नाही, एवढं मात्र कळलं. घरी आलो त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, डोळ्याबद्दल आभार मानले आणि उरलेलं सगळं त्याच्या पायाशी ठेवलं.

सकाळी तिचा शेवटचा फोटो, पुतणीच्या लग्नातला, दारात उजेडाला नेला. निरखून पाहिला.

"हो वं," मी तिला म्हणालो, "पिवळं दिसते."