निरोपाचा टॉवेल

आमच्या कडेगावच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणारे काका बोलताना माणसाकडे बघत नाहीत. चिमटीत पीठ चोळत, त्याच्याकडेच बघत "व्हय" म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांना परदेशाचा व्हिसा मिळाला. गल्लीनं घरोघरून टॉवेल-टोपी देऊन निरोप दिला आणि नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्या उसाला कारखान्याची तोड आली. काकांचा भाऊ म्हणत होता, मी बघतो. पण फडात मालक उभा नसला की ऊस नीट जात नाही, हा आमच्याकडचा खुळा हट्ट. "ऊस गेला की निघतो," म्हणाले. तोडकऱ्यांची टोळी रखडली, काका रखडले, व्हिसाची मुदत संपली. नातू फोनवरच बघितला.

मग जो तो विचारायचा, "कवा आलासा?" गेलोच नाही हे सांगून सांगून थकले, तेव्हा नुसतं "व्हय" म्हणू लागले. टॉवेल मात्र वापरले नाहीत. "कवातरी जायचंच हाय," म्हणत पेटीत ठेवले.

यंदा पुन्हा अर्ज केला. मागच्या वेळी का गेला नाहीत, असं मुलाखतीत साहेबानं विचारल्यावर त्यांनी ऊसच सांगितला. साहेबाला ते पटलं नाही, व्हिसा नाकारला.

काल ते घडी न मोडलेला टॉवेल घेऊन आमच्या दारात आले. "तुझ्या बानं दिल्याला. गेलोच न्हाई, तर ठेवू कशाला?"

आतून बाबा म्हणाले, "आरं ऱ्हाऊ दे गड्या. लेक परत बोलवंल की."

काकांनी टॉवेल उंबऱ्यावर ठेवला. रिकामीच चिमूट चोळत म्हणाले, "कवा येताय म्हणून ती आता इचारत न्हाई."