रंगीत टीव्ही नको म्हणणाऱ्या सासूबाई

टीव्ही बदलायचा की नाही, यावर आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी माझ्या लग्नात मानपानावरूनही झाली नव्हती. कोल्हारला विहारासमोर आमचं दोन खोल्यांचं घर. घरात शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, वर पत्र्यावर अँटेना. मिस्टर साखर कारखान्यात, मी शाळेवर शिक्षिका. माझी दीड वर्षाची मुलगी दिवसभर सासूबाईंपाशी. त्यांना मी आत्या म्हणायचे.

आत्यांचं आणि त्या टीव्हीचं रोज वाजायचं. "ह्या डबड्यात आता काय राह्यलंय? नुसत्या मुंग्या! कोन बाई, कोन बाप्या, काय कळंना." संध्याकाळी टीव्हीला नाक लावून बसायच्या आणि वर त्यालाच शिव्या घालायच्या. ऐकून ऐकून कान किटले. त्यात शेजारच्यांनी रंगीत टीव्ही आणला आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

"आये, आपणही रंगीत घेऊ. तुझी कटकट तरी मिटंल."

म्हातारी खूश होईल असं वाटलं होतं. छे! त्या एकदम उसळल्या. "काय नको! चांगला चालतोय त्यो. रंगीत बघून काय पोट भरतंय व्हय? माझ्या जित्त्यापनी हा टीव्ही ह्या घरातून जायचा न्हाई!"

आता बोला! काल ज्याला डबडं म्हणत होत्या, तोच आज एकदम लाडका झाला. मला तर अस्सा राग आला. म्हटलं, हिला आमचं काहीच गोड लागत नाही. मुलानं आणायचं म्हटलं की ही नको म्हणणार, आणि नाही आणला की रोज बोलणार. मी दोन दिवस त्यांच्याशी तोंडापुरतंच बोलले.

मग तो रविवार आला. वाऱ्यानं अँटेना फिरला होता. हे पत्र्यावर चढले, आत्या टीव्हीसमोर बसल्या आणि मी पोरीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात. अँटेना फिरवायचा म्हणजे घराघरात हाच प्रकार. एकानं वरून ओरडायचं, "आलं का?" आणि एकानं खालून, "न्हाई... आजून... गेलं... मागं फिरीव!" आमच्याकडे खालचं काम आत्यांचं. दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत.

"आलं का?"

"आलं, आलं! आता हलवू नगंस! लई झ्याक दिसतंय!"

म्हणून मी हात पुसत बाहेर आले, तर टीव्हीवर नुसता पांढरा भुगा. माणूस नाही की माणसाची सावली नाही. आवाज मात्र खणखणीत, बातम्या वाचणारी बाई समोर बसल्यासारखी. आणि आत्या त्या भुग्याकडे बघून कौतुकानं मान हलवत होत्या.

अँटेना फिरवताना कधी कधी आवाज आधी लागतो आणि चित्र मागून येतं, हे मला ठाऊक होतं. म्हणजे आत्या नुसत्या आवाजावर सांगत होत्या. किती दिवस? हे खाली उतरले, टीव्ही बघितला आणि वैतागले, "आये, कुठं आलंय?" त्यावर त्या लगेच म्हणाल्या, "आत्ता गेलं बघ, तू उतरताना हात लागला आसंल." ह्यांना ते पटलंही!

त्या क्षणापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. अहो, माझं लेकरू दिवसभर ह्या बाईपाशी! दारात पाण्याचा हौद, आत रॉकेलचा स्टोव्ह, खिडकीत विळी. सोमवारी वर्गात उभी राहिले आणि फळ्यावर काय लिहायचं तेच सुचेना. मधली सुट्टी झाली तशी चपला फटफटवत घरी पळाले. दारातून बघते तर पोरगी मांडीवर खिदळतेय आणि आत्या तिला वरणभात भरवतायत. एक शीत खाली नाही. मला वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. पण शाळेत परत निघाले आणि पुन्हा तीच धडधड. दुसऱ्या दिवशीही पळाले. बाकीच्या बाई विचारायला लागल्या, पोरगी आजारी आहे का? त्यांना काय सांगणार होते, कप्पाळ!

ह्यांना सांगावं तर नुसत्या संशयावर काय सांगायचं? आईच्या बाबतीत हा माणूस फार हळवा. घर डोक्यावर घेतलं असतं. आत्यांनाच सरळ विचारावं तर त्या मला उभं राहू देणार नाहीत. एकदा नुसतं म्हटलं, "आत्या, डोळे दाखवून येऊ या का?" तर फटकन म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? तुझं तू बघ." त्यांच्या माहेरच्या एका बाईचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. डॉक्टर म्हटलं की त्यांना तीच आठवायची.

मग मीच ह्यांच्या मागे लागले. "टीव्ही घ्यायचाच. नगरला जाऊ आणि आत्यांनाही नेऊ. त्यांच्या पसंतीशिवाय घ्यायचा नाही." हे चकित झाले. कालपर्यंत मीच म्हणत होते, त्यांना नको तर राहू दे! आत्यांनी गुडघे दुखतात म्हणून बघितलं, एस.टी. लागते म्हणून बघितलं. पण मीही हट्टाला पेटले होते. पोरीला शेजारच्यांकडे ठेवलं आणि निघालो. एस.टी.त त्यांनी माझ्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. मला त्यांची दया येत होती आणि त्याच वेळी भयंकर रागही येत होता.

दुकानात भिंतभर टीव्ही. जवळजवळ सगळे चालू, सगळ्यांवर तोच कार्यक्रम, सगळ्यांतून तोच आवाज. हिरवं रान, लाल साडी, डोळे दिपून जावेत असे रंग. हे तर लहान पोरासारखे एका टीव्हीकडून दुसऱ्याकडे पळत होते. दुकानदार गोड बोलणारा. खुर्ची पुढं करून म्हणाला, "आजी, तुम्ही सांगा. कुठला नेऊ या?"

आत्या उभ्याच राहिल्या. मान या बाजूला वळवली, त्या बाजूला वळवली. आवाज चहूकडून येत होता, त्यामुळे त्यांना काही अंदाज येईना. मी मनात म्हणत होते, सांगा हो आत्या, नीट सांगा. मला खोटं पाडा. मग त्यांनी हात लांब केला आणि समोर बोट दाखवलं.

"ह्यो बरा हाय. ह्याच्यात रंग लई सुरेख दिसत्यात."

तो टीव्ही बंद होता. काळ्या काचेत वरची ट्यूबलाइट तेवढी चमकत होती.

"आये, त्यो बंद हाय की!" म्हणून हे मोठ्यानं हसले. दुकानदारही हसला. मग ह्यांनी आईच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. आत्यांचा हात अजून तसाच पुढं होता.

"चल, घरी जाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

"घरी नाही," मी म्हटलं. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघता बघता मला राहवेना. ह्यांच्यादेखत फुटलेच. "आत्या, माझं लेकरू तुमच्यापाशी टाकून मी जात होते! हौदात पडली असती तर? स्टोव्हवर गेली असती तर? एका शब्दानं सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, मंग काय केलं असतंस?" त्यांनी विचारलं. "घरी बसली असतीस. नोकरी सोडून." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आपल्या वस्तीत तू पैली बाई नोकरीला लागलेली. तू पिशवी घेऊन निघाली की मी दारात हुभी ऱ्हाते, ठावं हाय का तुला? तू दिसत न्हाईस. तुझी चप्पल वाजती, ती आयकते. तू गेलीस की हौदावर पत्रा टाकून दगड ठिवते. इळी माळ्यावर. तू गेल्यावर इस्टू पेटवीतच न्हाई. पोरीला लुगड्यानं माझ्या कमरंला बांधते. ती हालली की मी हालते."

शाळेतून घरी आलं की भाकरी नेहमी गार का असते, म्हणून मी कितीदा तरी धुसफुसले होते. हे तर आईचा हात धरून बाकावरच रडायला लागले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. पोरगी जन्मली तेव्हाही धुरकटच दिसत असणार, असं डॉक्टर म्हणाले. काढल्यावर दिसेल का, तर बहुतेक दिसेल. त्या 'बहुतेक'नं माझी झोप उडवली. ऑपरेशन होईपर्यंत मी रजा टाकली, आणि आत्या मला रोज विचारायच्या, "साळंवाले काढून तर टाकनार न्हाईत ना तुला?" डोळ्यांची चौकशी कधी केली नाही. टीव्हीचं नाव तर घरात कुणीच काढेना.

पट्टी निघाली. जाड भिंगाचा चष्मा आला. नाकावर चढवून त्यांनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वाळलीस गं," एवढंच म्हणाल्या. मग पोरीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ज्या पोरीला ह्या बाईनं जन्मापासून रोज न्हाऊ घातलं, भरवलं, झोपवलं, तिच्याकडे त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. पोरगी चष्मा ओढायला लागली तरी त्यांची नजर हलेना.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "हिच्या हनवटीवर तीळ हाय व्हय गं?"