काटेरी हलवा आणि एक ओहोटी

परवा इथे बडोद्यात निजामपुऱ्यातल्या किराणा दुकानात तीळ आणायला गेले, तर गल्ल्यापाशी हलव्याच्या दागिन्यांची पाकिटं टांगलेली दिसली. पुठ्ठ्यावर लाल कागद आणि त्यावर टाचलेलं मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं पांढरंशुभ्र. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "लई जाव बेन, मुंबईथी आव्या छे." मी एक पाकीट उजेडाकडे धरलं आणि सवयीने दाण्याचा काटा शोधू लागले. काटा नव्हता. नुसते गुळगुळीत गोल दाणे, खोकल्याच्या गोळ्यांसारखे. मी नाक मुरडणारच होते, पण तेवढ्यात बाहेरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्रीत निखारे भरले, तो वास थंड हवेबरोबर आत आला आणि माझ्या बोटांची टोकं चुरचुरली. मी मुकाट्याने ते पाकीट विकत घेतलं. ज्या बाईच्या हातचा हलवा निम्म्या दांडिया बाजारात जातो, तिने विकतचे दागिने न्यावेत हे कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूला बघूनही घेतलं.

काटेरी हलवा घरी करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळणार नाही, तरी सांगते. मंद निखाऱ्यांवर परात ठेवायची, तीत मूठभर तीळ किंवा खसखस घालायची, चमचाभर पातळ पाक सोडायचा आणि बोटांनी हलकेच फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं रोज चार-पाच तास, तीन-चार दिवस. विस्तव वाढला की साखरेची पिठी पडते, हात जड पडला की अंकुर मोडतो, आणि हवेत थंडी नसेल तर काहीच होत नाही. आमच्या घरात आणखी एक समजूत होती. परातीला एकदा जो हात लागला तोच शेवटपर्यंत राहायला हवा, मध्ये हात बदलला की काटा रुसतो. त्यामुळे पौषातल्या थंडीत घरातली एक बाई शेगडी आणि भिंत यांच्यामध्ये बसलेली असायची आणि बाकीचं घर तिच्याभोवती फिरायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती बाई माझ्या सासूबाई होत्या.

मी रत्नागिरीची. समुद्र माझ्या पायाशी वाढला म्हणा, किंवा मी त्याच्या. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं ते ओहोटीच्या खडकांवर वाकून वाकूनच. फुगून चेंडू होणारा केंड मासा, फुलासारख्या दिसणाऱ्या पण मासे गिळणाऱ्या समुद्रपुष्पांच्या बागा, अंगभर काटे घेऊन खडकाच्या फटीत बसलेला सी-अर्चिन, ही माझी सोयरी मंडळी. बडोद्यात आले आणि पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की इथे विश्वामित्री आहे, तीत मगरी आहेत, पण खारा वारा नाही. ते दिवस मोठे गमतीचे होते. गल्लीत केबलची तार नुकतीच आली होती, कोपऱ्यावर एस.टी.डी.चा पिवळा बूथ उभा राहिला होता, जग दारं उघडतंय असं जो तो म्हणत होता. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मात्र अंघोळीची पाळीसुद्धा ठरलेली होती.

डिसेंबरात माझ्या प्राध्यापिकाबाईंचं पत्र आलं. संक्रांतीच्या आधीच्या दहा दिवसांत, अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, त्या आठ जणींना घेऊन जामनगरला जाणार होत्या. कच्छच्या आखातात पाणी इतकं मागे सरतं की मैल-मैल प्रवाळांवरून चालत जाता येतं. आठवी जागा माझ्यासाठी ठेवली होती, आणि पुढे दोन वर्षांच्या संशोधनाची नोकरी या आठांतूनच एकीला मिळणार होती. ह्यांची हरकत नव्हती, पण ह्यांचा होकारही सासऱ्यांच्या होकाराशिवाय अर्धाच असायचा. सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि न्यायाधीशासारखा निवाडा दिला. सासूबाईंची बोटं आता आखडतात, तेव्हा यंदा सूनबाईंचा हात परातीला लावून बघू. काटा आला तर इथेच थांबून घरचा मान राखायचा. नाही आला, तर या वर्षापुरता सासूबाई करतील आणि सूनबाईंनी खुशाल जामनगरला जावं.

मला यात अडचण दिसलीच नाही. पहिल्या वर्षी कुणाच्याच हाताला काटा येत नाही, हे गल्लीतली प्रत्येक बाई सांगत होती. मी बॅग भरली. कॅनव्हासचे बूट तळाशी, वर भिंग, वह्या. मग निश्चिंतपणे शेगडीपाशी बसले, नापास व्हायला.

सासूबाई समोर वाती वळत बसायच्या. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. माहेर पाणीगेटला, सासर दांडिया बाजारात, पाच मैलांत सगळा जन्म. त्या विचारायच्या आणि मी बोटं फिरवत सांगायची. समुद्रकाकडी म्हणून एक जीव आहे, त्याला कुणी गाठलं की तो स्वतःची आतडी बाहेर टाकतो आणि शत्रू त्यात गुंतला की निसटतो, मग पोटात नवी आतडी वाढवतो. ताऱ्याच्या आकाराचा एक ठिसूळ प्राणी, त्याचा हात धरला तर हात तुमच्यापाशी सोडून निघून जातो. सासूबाई वात थांबवून ऐकायच्या. मग मी कालवांचं सांगितलं. कालवाचं पिल्लू थोडे आठवडे पाण्यात मोकळं हिंडतं, मग एक खडक निवडतं, त्याला चिकटतं, आणि त्यानंतर जन्मात हलत नाही.

"जागा त्याची तोच निवडतो का गं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"मग बरंय त्याचं," त्या म्हणाल्या आणि पुढची वात घेतली.

पहिल्या दिवशी परातीत काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दाणे जरा खरखरीत लागले आणि इथे माझा घात झाला. मला वाटलं, बघू तरी. विच्छेदनाच्या वर्गात माझा हात सगळ्यांत हलका, बेडकाची नस मी न तोडता मोकळी करायची, त्या हाताला कुणीतरी काम दिलं होतं आणि तो माझं ऐकेनासा झाला. निखारा जरा लाल दिसला की मी राख पसरायची. पाकाचा थेंब जास्त पडला की श्वास रोखायची. त्या दिवसांत सासूबाई दोनदा उठून गच्चीवर गेल्या, वाळत घातलेले तीळ बघायला म्हणून. जाताना कोळशाचं घमेलं आणि विंझणा माझ्या हाताशी सरकवून गेल्या. केवढा विश्वास, असं मला वाटलं, आणि त्या येईपर्यंत मी मांडीसुद्धा बदलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक दाणा उचलून गॅलरीच्या उन्हात धरला. सगळ्या बाजूंनी बारीक, सारखे, पारदर्शक काटे. तिळाएवढा सी-अर्चिनच. मी आनंदाने ओरडले. खरंच ओरडले. सगळं घर धावत आलं, समोरच्या गुजराथी काकी आल्या, दाणा जिभेवर ठेवून म्हणाल्या, "बेन, तमारी वहूना हाथमां तो जादू छे." सासऱ्यांनी देवापुढे वाटी ठेवली. सासूबाई पुन्हा वाती वळायला बसल्या. मीही दुपारपर्यंत आनंदातच होते. दुपारी बॅगेकडे लक्ष गेलं आणि आपण काय करून बसलो ते कळलं.

मग एकामागून एक पराती लागल्या. गल्लीतल्या तीन नव्या नवऱ्या, दोन बाळांची बोरन्हाणं, एका जावयाचं हलव्याचं घड्याळ. भिंतीला पाठ लावून मी बसले होते आणि समोरच्या गॅलरीच्या चौकोनातून बडोद्याची थंडी जात होती. खाली रस्त्यावर पतंगाची दोरी रंगवून घासली जात होती, सुरतेहून उंधियूसाठी पापडी आली होती, पोरं आत्तापासूनच "काप्यो छे" म्हणून घसा साफ करत होती. एक निळा पतंग समोरच्या केबलच्या तारेत अडकून दहा दिवस फडफडत राहिला. अमावास्या आली, त्या पहाटे मी हिशेब केला, आता पाणी उतरलं असेल, आता त्या चालायला लागल्या असतील. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. दाराला कडी नव्हती. मला कुणी बांधून घातलं नव्हतं. उठले असते तर फक्त एक परात बिघडली असती.

संक्रांतीला मला काळी चंद्रकळा नेसवली आणि माझ्याच हातचे दागिने माझ्यावर चढवले. ज्यांनी हे घातलेत त्यांना ठाऊक आहे, हलव्याचे दागिने घालून हलता येत नाही. मान वळवली की तन्मणी टोचतो, वाकलं की दोरा तुटतो. बाहेर बायका जमल्या होत्या. आतल्या खोलीत सासूबाई माझ्या पाठीमागे बसून कंबरपट्ट्याची गाठ मारत होत्या. मी पाटावर बसले होते. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "दोनदा उठून गेले होते मी. कोळसे ठेवले होते, विंझणा ठेवला होता. एकदा वारा घातला असतास तरी पुरलं असतं."

मी गर्रकन वळायला गेले.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या, "दोरा तुटेल."

मला सांगायचं होतंत, एवढंच मी कसंबसं म्हणाले. त्यांनी गाठ पक्की केली. "सांगण्यासारखं असतं तर माझ्या सासूने मला सांगितलं असतं," म्हणाल्या, आणि मला हाताला धरून बायकांत घेऊन गेल्या.

ती नोकरी दुसरीला मिळाली. त्यानंतरच्या प्रत्येक थंडीत परात माझ्याकडे आली. सासूबाई समुद्र न पाहताच गेल्या. मी एका शाळेत शिकवते, मुलांना फळ्यावर कालव काढून दाखवते, आणि माझं वाईट चाललंय असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांत बऱ्याच गोष्टी निवल्या. पण तिसऱ्या दिवशी काटा दिसला की मला अजूनही तस्साच आनंद होतो, आणि त्या आनंदाचा मला राग येतो. मला त्यानेच धरून ठेवलं.

यंदा माझ्या धाकट्या जावेची पहिली संक्रांत. ती कॉम्प्युटरवाली. पुढच्या आठवड्यात तिला कंपनीच्या ट्रेनिंगला बंगळुराला जायचंय, आणि सासऱ्यांनी जुना निवाडा नव्याने दिलाय. त्यांना आता नीट दिसत नाही, पण दाणा बोटांत फिरवून ते काटा बरोब्बर ओळखतात. काटा खरोखरच मोडला तरी घरात दागिने अडू नयेत, म्हणून परवाचं ते पाकीट. मी ते तिच्या पुढ्यात टाकलं तर ती हसली. "ताई, याला काटाच नाही. मला खरं शिकवा ना." तिने परात आधीच माळ्यावरून काढून घासून ठेवली होती.

काल शेगडी पेटवली. मी तिच्या समोर बसले आणि काही केल्या उठायचं नाही असं ठरवलं. कोळसे तिच्या हाताशी ठेवले, विंझणा तिच्या हातातच दिला आणि स्पष्ट सांगितलं, काटा दिसायला लागला की वारा घाल, पिठी पडू दे, दागिने कपाटात तयार आहेत.

तिने जरा विचार केला. "आणि मला नाही मोडवला तर?"

"तर मला हाक मार. मी मोडीन."

म्हणाले खरी. आज दुसरा दिवस. संध्याकाळी ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी परातीत एक बोट फिरवून पाहिलं. दाणे खरखरीत लागले. थंडी कडक पडली आहे, तिचा हात माझ्याहून हलका आहे, आणि उठताना मी नकळत निखाऱ्यांवर राख पसरली होती.