चावडीशेजारचा वायूंचा वर्ग

शिकवलेलं लोक विसरतात, पण शिकवताना झालेले किस्से मात्र साचत जातात.

कलकत्त्याला चार वर्षं शिकून मी पलूसला परतलो, तेव्हा लढाई नुकतीच संपली होती. फौजेतून घरी आलेल्या गड्यांसाठी चावडीशेजारच्या खोलीत मी विज्ञानाचा वर्ग काढला. खेडं बदलायचं तर सुरुवात इथूनच, अशी माझी खात्री होती. गावाला ती खोली रेशनच्या धान्यासाठी हवी होती.

पहिल्याच दिवशी सांगितलं, "हवा म्हणजे एक वायू नव्हे. ते मिश्रण आहे."

दूध घालणारा सिदू लगेच सावरून बसला. "भेसळ कुनी केली, मास्तर?"

*

दाब दाखवायला मी माझ्याच सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरू लागलो. फौजेत लॉऱ्या दुरुस्त केलेला तुकाराम हवालदार म्हणाला, "बास करा आता."

"प्रयोग अर्धवट सोडायचा नसतो," मी म्हणालो.

ट्यूब फुटली.

"झाला का पुरा?" तुकारामानं विचारलं.

*

मग सांगलीहून गोटी-सोड्याच्या बाटल्या आणल्या. आतल्या वायूच्या दाबानं गोटी तोंडाशी कशी घट्ट बसते, ते बाटल्या फोडून दाखवलं. सोडा सगळ्यांनी वाटून घेतला.

"समजलं का?"

"न्हाई," सगळे एकदम म्हणाले. "आनि एकदा दावा."

*

खरी अडचण पुढंच होती. नियम असा, की मिश्रणातला प्रत्येक वायू भांड्यात आपण एकटाच असल्यासारखा दाब देतो, आणि सगळ्यांचा मिळून एकूण दाब होतो. तीन आठवडे सांगितलं. पटेना.

"आवं, दुसरा आला तर पयल्यानं जरा सरकून घ्यायला नगं व्हय?" सिदूचा सवाल.

*

तेवढ्यात साताऱ्याहून साहेब तपासणीला आले. खोली धान्याला द्यायचा हुकूम त्यांच्या हातातच होता. वर्गाला काही येत नाही असं दिसलं, की त्यावर सही होणार होती.

साहेबांनी नेमका तोच नियम विचारला, आणि तोही तुकारामाला.

तुकाराम ताठ उभा राहिला. "साहेब, आमी सा भाऊ, एकाच घरात. परतेक जन असा वागतो, जनू घरात दुसरं कोनच न्हाई."

"आणि एकूण दाब?"

"त्यो आईला इचारा."

साहेबांनी सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं.

"आम्ही चौघे भाऊ आहोत," ते म्हणाले, आणि हुकमाची घडी घालून त्यांनी तो खिशात टाकला.