परमुलखातला मांडव

जगातला कुठलाही मांडव आपल्याच सोयऱ्यांचा असतो, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा मित्र निघाला. चाकूरला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. म्हणजे पाटी तसं सांगते. शटर बहुतेक खालीच असतं, कारण मालक कुणाच्या तरी मातीला गेलेला असतो. महामारीत त्याचे वडील लातूरच्या एका दवाखान्यात वारले. ह्याला फाटकाच्या आत सोडलं नाही, आणि प्लास्टिकचे पोशाख घातलेल्या माणसांनी म्हाताऱ्याला परस्पर स्मशानात नेलं. तेव्हापासून ह्यानं पंचक्रोशीतली एकही मयत सोडली नाही. औशात कुणी गेलं तरी हा हजर, मुदखेडला गेलं तरी रेल्वेत बसून हजर. ओळखपाळख लागत नाही. तिरडीला खांदा द्यायचा आणि स्मशान येईपर्यंत दुसऱ्याला बदली द्यायची नाही. एकदा तर मेलेल्याच्या सख्ख्या जावयाशी ह्यावरून त्याची भर रस्त्यात बाचाबाची झाली, आणि मागं सरावं लागलं ते जावयाला. हे ऐकून मी हबकलो होतो. पुढं काय वाढून ठेवलंय ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

शेवटी वहिनी लातूरला माझ्या घरी आल्या. "भाऊजी, ह्यांना कुठंतरी घेऊन जावा," त्या म्हणाल्या, "जिथं वळखीचं कुणी मरत न्हाई. दहा-पंधरा दिस मातीचं तोंड बघितलं न्हाई, तर माणूस जाग्यावर येईल." एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी शाळामास्तर. पाठीवर पिशवी टाकून स्वस्तात परदेश हिंडणाऱ्या पोरांचे व्हिडिओ बघून माझ्या डोक्यात तो किडा आधीपासून होताच. उन्हाळ्याची सुट्टी होती, व्हिएतनाम आमच्या खिशाला झेपणारं होतं. मी वहिनींना शब्द दिला.

पाठीवरची पिशवी म्हणून त्यानं युरियाच्या पोत्याला पट्टे शिवून आणले होते. विमानतळावर पोलीस त्या पोत्याकडं आणि मी जमिनीकडं बघत उभे होतो. आत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भलीमोठी दोरी. "दोरी कशाला रे?" तर म्हणे, "दोरी कुठं बी लागती." उतरायला आम्ही एका खोलीत दुमजली खाटा असलेली स्वस्तातली जागा धरली होती. तिथं ह्यानं पहाटे उठून झोपलेल्या गोऱ्या पोरापोरींना गदागदा हलवलं, का तर चहाची वेळ झाली. आता आपल्याला सामानासकट बाहेर काढणार म्हणून मी बूट घालून बसलो, तर तीच पोरं थोड्या वेळानं त्याच्याभोवती मांडी घालून चटणी-भाकरी खात होती आणि घशाला ठसका लागला की पाण्यासाठी माझ्याकडं बघत होती. भाषेची अडचण मला होती, त्याला नव्हती. भातात वाकलेल्या बाईला तो रस्त्यावरून ओरडून विचारायचा, "औंदा पाऊस कसा काय, मावशी?" ती कंबर सरळ करून, आभाळाकडं हात दाखवत लांबलचक काहीतरी सांगायची. "काय म्हणाली?" मी विचारायचो. "कमीच हाय म्हणली." एकदा तो एका परक्या माणसाच्या मोटारसायकलवर बिनदिक्कत मागं बसला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "चौकापर्यंत सोड." मी बोंबलत मागं पळालो. त्या माणसानं त्याला खरोखर चौकात सोडलं, वर हात हलवून निरोप घेतला. रोज माझ्या काळजाचा असा ठोका चुकत होता, पण हा हसत होता. मयतीचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही, आणि मी वहिनींना कळवून टाकलं की माणूस सुधारतोय.

मग एक नदीकाठचं गाव आलं. दुपारची वेळ, पोटात कावळे ओरडत होते, आणि रस्त्याच्या कडेला मांडव दिसला. रंगीत कापडं, फुलांची मोठमोठी चक्रं, पिपाणीसारखं काहीतरी वाजत होतं आणि टेबलांभोवती माणसं जेवत होती. "लगीन हाय," तो खुशीत म्हणाला. मला शंका आली. त्यानं ती उडवून लावली. "आरं, मयतीच्या घरी कधी चूल पेटती का? हितं तर पंगत बसलीय." आमच्याकडच्या हिशोबानं त्याचं चुकत नव्हतं. मयतीतला एवढा जाणकार माणूस म्हणतोय म्हटल्यावर मीही आत शिरलो. लोकांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला. तेवढ्यात त्याला काहींच्या डोक्याला बांधलेल्या पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. "फेटे बांधायलेत," तो म्हणाला, "मानाचे." आमच्याकडं लग्नात फेटा बांधला नाही म्हणून पाहुणा तोंड फुगवून बसतो. हा उठला, पट्ट्या वाटणाऱ्या माणसापुढं मान झुकवून उभा राहिला आणि बोटानं स्वतःचं डोकं दाखवलं. तो माणूस दचकला, क्षणभर घुटमळला आणि मग त्यानं पट्टी बांधली. पट्टी मिरवत ह्यानं भाताचं भांडं उचललं आणि "घ्या, लाजू नका" करत पंगतीत वाढायला सुरुवात केली. वाढून झाल्यावर नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायला म्हणून घरात शिरला. मी मागोमाग गेलो. आत उदबत्त्यांचा धूर, एका म्हाताऱ्याचा फोटो आणि फोटोमागं शवपेटी.

इंग्रजी येणारी एक मुलगी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली की पांढरी पट्टी फक्त घरचेच लोक बांधतात. वारले ते तिचे आजोबा. ज्या गोष्टीपासून लांब न्यायला मी ह्याला समुद्रापार आणलं, तिच्यातच हा घरचा होऊन उभा होता. आता मार बसणार, आणि बसलाच पाहिजे, असं मला वाटलं. मी त्याची बाही ओढली. तो हलला नाही. म्हाताऱ्याचा मुलगा, साधारण आमच्याच वयाचा, पुढं आला आणि त्यानं मुलीकडून विचारवलं, माझ्या वडिलांना ओळखत होता का?

"न्हाई," मित्र म्हणाला. "त्यांना सांग, मास्तर, चूक झाली. लगीन समजून आलो. माझ्या बापाच्या येळंला मला आत येऊ दिलं न्हाई. हितं कुणी अडवलं न्हाई."

मी इंग्रजीत सांगितलं, मुलीनं त्यांच्या भाषेत. मी मित्राच्या डोक्याची पट्टी सोडायला हात पुढं केला, तर म्हाताऱ्याच्या मुलानं माझा हात धरून बाजूला केला आणि मित्राला पेटीपाशी, आपल्या शेजारी उभं केलं. पेटी उचलली तेव्हा दोघांचे खांदे एकाच बाजूला, पुढं-मागं होते. भातशेतांच्या बांधावरून ती हळूहळू निघाली. निम्म्या वाटेवर पुतण्यासारखा दिसणारा एकजण बदली द्यायला आला, आणि माझ्या मित्रानं, ज्यानं जावयाला मागं सारलं होतं त्यानं, निमूट खांदा काढून दिला. मग बांधावर बसून तो हमसून हमसून रडला. वडील गेल्यापासून मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

परत आल्यावर महिनाभरानं मी चाकूरला गेलो. वहिनींना काय तोंड दाखवावं ह्या विचारात होतो. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती आणि भिंतीवर वडिलांचा फोटो, त्याला ताजा हार. तो फोटो ह्यानं आजवर कुणाला लावू दिला नव्हता, असं वहिनी दारातूनच म्हणाल्या. मित्र भिंतीला टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "ये मास्तर. आमचे दादा गेले की रं."

जाऊन वर्षं लोटलेल्या वडिलांची बातमी त्यानं मला कालची असावी तशी दिली. ते वारले तेव्हा साथीच्या भीतीनं त्याच्या दारात कुणीच आलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी चपला काढल्या आणि भेटायला गेलेला माणूस बसतो तसा खाली मान घालून त्याच्याजवळ बसलो. "कशानं गेले?" मी विचारलं, आणि तो सांगू लागला.