शेवटचा दगड

एडिनबराजवळच्या जंगलात एक पायवाट आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे प्रशिक्षण घेऊन, शत्रूने व्यापलेल्या आपापल्या देशांत छुपेपणाने लढायला गेलेल्यांच्या नावांचे दगड तिच्या कडेने आहेत. शेवटच्या दगडापाशी मी सवयीने बूट काढायला वाकले.

शेजारचा दगड घासणाऱ्या आजी म्हणाल्या, "बूट राहू द्या, चिखल आहे. हा घ्या." त्यांनी जुना टूथब्रश पुढे केला. बाकीचे दगड त्या स्वतः घासत; शेवटचा येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी ठेवत.

शेवाळाखालून नाव वर आलं. "मला हे उच्चारता येत नाहीये," मी ओशाळून म्हणाले.

"त्यालाही तुमचं आलं नसतं. घासा."

यंदा पुन्हा गेले. आजी दिसल्या नाहीत. सगळे दगड लख्ख होते, शेवटचा तेवढा शेवाळलेला. त्यावर ब्रश होता, नवाकोरा.

मी बुटांसकट गुडघे टेकले.