पारूबाईंना सही येत होती

ॲड. हैदर अत्तार यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी कोर्टाच्या उपाहारगृहाच्या पायरीवर बसून रडत होते. वकिलीची सनद हातात येऊन महिना झाला होता. लोणी काळभोरहून रोज बसने यायचे आणि कुणी ज्युनियर म्हणून घेईल का, हे विचारत फिरायचे. त्या सकाळी एका मोठ्या वकिलांनी मला फक्त दोन प्रश्न विचारले होते. टायपिंग येतं का, आणि लग्न कधी करणार?

चहाचा कप हातात घेऊन एक उंच, सडपातळ गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. "अहो, तुम्ही रडताय की चिडलाय?"

"चिडलेय," मी म्हणाले.

"मग उद्या साडेदहाला या. रडणाऱ्यांना मी अशील करतो, चिडलेल्यांना ज्युनियर."

त्या दिवसापासून सर मला 'काळभोर' म्हणतात आणि 'अहो' म्हणतात. मुलीच्या वयाच्या सहकारी स्त्रीला अरेतुरे न करणारे वकील तेव्हा त्या आवारात किती होते, हे आम्हा बायकांना विचारा.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळातल्या एका सद्गृहस्थांनी मला फोनवर सुचवलं, की प्रसंग आनंदाचा आहे, तेव्हा जुने वाद उकरू नयेत. मी त्यांना तेव्हाच सांगितलं, की वाद वगळले तर सरांबद्दल लिहिण्यासारखं फारसं उरत नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची भांडणं अंगावर घेण्यात गेलं, त्यांच्याविषयी केवळ गोड लिहिणं हा त्यांचा अपमान आहे. शिवाय सत्कार समितीच्या यादीत मी काही नावं वाचली आहेत. सरांच्या वाईट दिवसांत ही मंडळी कुठे होती, ते मला माहीत आहे.

सरांच्या वडिलांचं पेठेत अत्तर-अगरबत्तीचं छोटं दुकान होतं. चार पिढ्यांचं पुणेकर घराणं. सरांचं मराठी असं, की समोरचा वकील चुकीचं क्रियापद वापरू लागला तर सर आधी ते दुरुस्त करत आणि मग त्याचा मुद्दा खोडत. एवढं असूनही सदाशिव पेठेत कार्यालयासाठी जागा बघायला गेले, तेव्हा मालकांनी नाव विचारलं, ऐकलं आणि सांगितलं, "जागा कालच गेली." पुढे दोन महिने 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तिथेच होती. आम्ही संतापलो. सर म्हणाले, "पाटीवरचं शुद्धलेखन निर्दोष आहे. तेवढं समाधान." ते हसले, पण मला तेव्हा हसू आलं नाही आणि आजही येत नाही.

पारूबाईंची हकीगत मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे. सर काय आहेत हे मला तिथे कळलं. आपण काय आहोत, हेही तिथेच कळलं.

पारूबाई हिंजवडीच्या पलीकडच्या एका गावच्या. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतलेल्या. भावाच्या घराला लागून एका खोलीत राहायच्या, भावाच्याच शेतात राबायच्या. पुढे आयटी कंपन्यांच्या इमारती गावाच्या वेशीवर आल्या आणि कालपर्यंत ज्वारी देणाऱ्या जमिनीला बिल्डर विचारू लागले. एके दिवशी पारूबाई तलाठ्याकडे गेल्या, तर सातबाऱ्यावरून त्यांचं नाव गायब. भावाने त्यांचं हक्कसोडपत्र नोंदवलं होतं. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीने भावाला राजीखुशीने सोडला, असा तो दस्त. खाली अंगठा, आणि शेजारी मजकूर, 'निरक्षर असल्याने वाचून दाखवले.'

पारूबाई पिशवीत कागद घालून सरांकडे आल्या. त्याआधी तीन वकिलांनी त्यांना एकच सल्ला दिला होता. भाऊ आहे, समजुतीने घ्या. सरांनी दस्त वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, तुम्हाला सही येते?"

"येती की. तिसरीपातूर साळा केलीया."

सरांनी कोरा कागद पुढे केला. पारूबाईंनी जीभ दाताखाली धरून सावकाश, गोल अक्षरांत सही केली. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव.

"मग हा अंगठा कुणाचा?"

"मला काय ठावं? मी त्या हापिसात पायच ठिवला न्हाई."

सरांनी सहीचा तो कागद दस्ताला टाचला. मग मला म्हणाले, "काळभोर, दावा लिहायला घ्या."

दावा दाखल झाला आणि गाव पेटलं. बहिणीची फसवणूक झाली, याचा राग कुणाला आला नाही. बहीण कोर्टात गेली, याचा मात्र आला! भावाने खोलीला कुलूप घातलं, पारूबाईंचं सामान उकिरड्यावर टाकलं. गावातले एक पुढारी चार माणसं घेऊन सरांकडे आले. आधी गोड बोलले. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही दुसऱ्या धर्माचे. आमची घरं फोडायचा तुम्हाला काय अधिकार? समजुतीनं मिटवा."

सर म्हणाले, "समजूत दर वेळी बहिणीनेच का घालून घ्यायची? आज भावाची घाला. मी चहा सांगतो."

चहा न घेता ते गेले. आठ दिवसांत 'मुसलमान वकील हिंदूंच्या जमिनी गिळायला निघाला' अशी कुजबुज कोर्टाच्या आवारात पोहोचली. वकिलांच्या खोलीत सर आले की बाकं रिकामी होऊ लागली. जे सहकारी त्यांच्याकडून फुकट सल्ले घेत, ते नमस्कार टाळू लागले. त्या खोलीतल्या एकाही वकिलाने उभं राहून म्हटलं नाही, की हा मूर्खपणा आहे. मी उभी राहिले, तर एक ज्येष्ठ म्हणाले, "मुली, करिअर सांभाळ." त्यांचं नाव सत्कार समितीत आहे. मी ते इथे लिहीत नाही, कारण सरांनी मला तशी विनंती केली आहे. ते त्यांचं मोठेपण. माझा इलाज नाही.

घर गेलेल्या पारूबाई राहिल्या सरांच्या घरी. सरांच्या पत्नी सलमाभाभी शाळेत शिक्षिका होत्या. सरांच्या विधवा बहीण जैनबआपा त्याच घरात राहत. त्या घराविषयी एक गोष्ट आमच्यापैकी थोड्यांनाच माहीत आहे. वडील गेल्यावर सरांनी कुणी मागण्याआधी जैनबआपांचा हिस्सा वेगळा काढून कागदावर आणला. सरांचे दोघे भाऊ त्यावरून दुखावले आणि कित्येक वर्षं ईदलाही घरी आले नाहीत. समाजातल्या काही वडीलधाऱ्यांनी ऐकवलं, की बहिणी हक्क मागत नसतात, तुम्ही नवी प्रथा पाडता. सरांनी उत्तर दिलं, "प्रथा नवी नाही. हिस्सा धर्मानेच सांगितलाय. तुम्ही तेवढं पान उलटून जाता." म्हणजे सरांनी बोलणी दोन्हीकडून खाल्ली. तिकडे ते परके ठरले, इकडे घरभेदी.

पारूबाई मांसाहार करत नसत, म्हणून भाभींनी त्यांच्यासाठी वेगळी पातेली काढली. चौथ्या दिवशी पारूबाईच म्हणाल्या, "ताई, ही दोन-दोन भांडी कशापायी घासता? मला भाजी-भाकर द्या, कंच्या बी भांड्यात." पुढे जैनबआपा आणि त्या दोघी मिळून लसूण सोलत बसत आणि आपापल्या भावांविषयी बोलत. जैनबआपांकडे भावाचं चांगलं सांगण्यासारखं होतं. पारूबाई ऐकून घ्यायच्या.

खटला नऊ वर्षं चालला. प्रतिवादींच्या वकिलांनी मागितलेल्या मुदतींचा मी हिशेब ठेवला नाही, ठेवला असता तर वेड लागलं असतं. कधी पोट बिघडलं, कधी पुतण्याचं लग्न, कधी साक्षीदार गावाला. दर तारखेला पारूबाई सकाळी नऊला येऊन बसत आणि दर तारखेला आम्ही त्यांना पुढची तारीख सांगत असू. या व्यवस्थेला न्यायव्यवस्था म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. तेवढ्या काळात त्या जमिनीच्या अर्ध्या भागावर मनोरे उभे राहून त्यांत लोक राहायलाही आले.

शेवटी भाऊ साक्षीला उभा राहिला. सरांनी आवाज न चढवता विचारलं, "तुमच्या बहिणीला लिहिता येतं?"

"न्हाई. अडाणी हाय ती."

"सही?"

"अंगठाच हाय तिचा. पयल्यापासून."

सरांनी ग्रामसभेची जुनी हजेरीवही पुढे केली. ती मिळवायला मी त्या गावात सात फेऱ्या मारल्या होत्या. "ही सही कुणाची?"

"माझी."

"तिच्या खालची वाचा."

भाऊ वाचेना. न्यायाधीशांनी सांगितलं, "वाचा." त्याने वाचलं. बहिणीचं नाव, मेहुण्याचं नाव, आडनाव. दस्ताच्या आदल्या वर्षीची सभा. भावाच्या सहीखाली बहिणीची सही, तीच गोल अक्षरं.

"त्या दिवशी तुमच्या शेजारी बसून तिने सही केली, ती वर्षभरात विसरली का?"

भाऊ खाली बघत राहिला. मागच्या बाकावर पारूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, त्यांना आनंद झाला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "भरल्या कोर्टात मान खाली घालावी लागली त्याला. माझ्या आईनं बघितलं आस्तं तर?" मी चिडून काही बोलणार होते. सरांनी हातानेच मला थांबवलं.

अंगठ्याचा ठसा पारूबाईंचा नाही, असा तज्ज्ञाचा अहवाल आला, दस्त रद्द झाला आणि उरलेल्या जमिनीत पारूबाईंचा हिस्सा त्यांच्या नावे लागला. ताबापावतीवर त्यांनी सही केली. रस्त्याकडेच्या त्या तुकड्यावर त्यांनी दोन खोल्या बांधल्या. गावातल्या आणखी दोन बहिणी मग सरांकडे आल्या, त्यानंतर आणखी पाच.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण मागच्या वर्षी कार्यालयात एक थकलेला म्हातारा काठी टेकत आला. तो पारूबाईंचा भाऊ होता. मुलांनी सगळं लिहून घेतलं होतं आणि त्याला घराबाहेर काढलं होतं. मी खुर्चीतून उठले. "सर, याचं काम आपण घ्यायचं? या माणसाने काय केलं ते विसरलात?"

"मी काही विसरलेलो नाही," सर म्हणाले. "काका, कुणी पाठवलं तुम्हाला?"

"पारूनं," तो म्हणाला. "तिच्याकडंच ऱ्हातुय मी."

मुलांकडून त्याला निर्वाहखर्च मिळावा, असा अर्ज सरांनी मला लिहायला सांगितला. मी लिहिला. रागातच लिहिला, पण चांगला लिहिला. मुलांवर आदेश झाला. आता ते वरच्या कोर्टात गेले आहेत, म्हणजे पुन्हा तारखा आल्या.

त्या तारखांना सर आजही स्वतः उभे राहतात. गुडघे दुखतात, लिफ्ट बंद असते, तिसऱ्या मजल्यापर्यंत एकेक पायरी थांबत चढतात आणि वर पोहोचल्यावर कळतं, की आज काम निघणार नाही. पंच्याहत्तरीच्या माणसाला जिने चढायला लावणाऱ्यांनी त्याला शाल पांघरावी, हे मला पटत नाही. शाल द्याच, पण सोबत त्यांच्या हातातली एखादी फाईलही घ्या. सत्काराला येणाऱ्या वकिलांपैकी प्रत्येकाने एकेका बहिणीचा दावा घेतला, तरी सरांना दुपारी घरी जेवता येईल. भाभी अनेक वर्षं त्याची वाट पाहत आहेत.

आदरणीय सर, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. सकाळचं फिरणं, जैनबआपांशी वाद, नातवंडांच्या मराठीची उलटतपासणी हे सारं पुढची पंचवीस वर्षं चालू राहो. आपलं काम अजून उरलं आहे, म्हणून मात्र मी हे मागत नाही. ते काम आमचं आहे, आम्ही ते आपल्या गळ्यात घातलं. मंगळवारची तारीख माझ्याकडे द्या. आपण घरी थांबा.